अँथनी न्यूली: गाणी घरोघरी, नाव विस्मरणात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भाचीबरोबर चॉकलेटच्या कारखान्याचा तो जुना सिनेमा पाहत होतो. १९७१ चा ‘विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी’, जीन वाइल्डरचा. ती गाणी गुणगुणत होती आणि माझं लक्ष श्रेयनामावलीकडे होतं, ही माझी जुनी खोड. संगीत आणि गीतांखाली दोन नावं आली: लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली. दुसरं नाव कुठेतरी वाचलेलं वाटलं. मग आठवलं, बॉण्डच्या ‘गोल्डफिंगर’च्या रेकॉर्डवरही हेच नाव आहे. तिथून या माणसाचा नाद लागला तो लागलाच. मित्रमंडळींत विषय काढला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

न्यूली कोण, हे दोन ओळींत सांगा.

इंग्लिश नट, गायक, गीतकार, संगीतकार आणि दिग्दर्शक. जन्म २४ सप्टेंबर १९३१, पूर्व लंडनमधल्या हॅकनीत. मृत्यू १४ एप्रिल १९९९, अमेरिकेत फ्लोरिडातल्या जेन्सन बीच इथे. वय ६७.

उच्चार न्यूली की न्यूले?

न्यूली. आणि जोडीदाराचं नाव ब्रिकस, ‘ब्रिकुसे’ नव्हे.

मी हे नाव कधीच ऐकलं नाही. त्याचं एखादं गाणं तरी माझ्या कानावर असेल का?

हमखास असेल. कॅफेत, जाहिरातींत, गाण्याच्या स्पर्धांत सतत वाजणारं ‘फीलिंग गुड’ त्याचं आणि ब्रिकसचं. शर्ली बॅसीने भिंती हादरवणारं ‘गोल्डफिंगर’ गायलं, त्याचे शब्द या दोघांचे. ‘प्युअर इमॅजिनेशन’ आणि ‘द कँडी मॅन’ ही विली वोंकाची गाणीही त्यांचीच. जॅझचे शौकीन असाल तर टोनी बेनेटचं ‘हू कॅन आय टर्न टू’ आणि सॅमी डेव्हिस ज्युनिअरचं ‘व्हॉट काइंड ऑफ फूल अ‍ॅम आय’ ऐकलं असेलच.

यादी बघा म्हणजे गोम लक्षात येईल. निना सिमोन, शर्ली बॅसी, जीन वाइल्डर, टोनी बेनेट, सॅमी डेव्हिस. यातली बरीचशी गाणी न्यूलीने स्वतःही गायली आहेत, काही तर स्वतःसाठीच लिहिली होती. पण लोकांच्या कानात राहिला तो दुसऱ्याचा आवाज. मला या माणसाबद्दल सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

लहानपण कसं गेलं?

ओढगस्तीत. आईचं लग्न झालेलं नव्हतं, वडील घरात नव्हते, आईनेच वाढवलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा हजारो मुलांसारखी त्याचीही रवानगी शहराबाहेर झाली. तिथे ज्यांच्या छत्राखाली तो होता ते गृहस्थ जुन्या म्युझिक हॉलमध्ये काम केलेले. म्युझिक हॉल म्हणजे गाणी, नकला, विनोद, जादू असं सगळं एका तिकिटात दाखवणारी इंग्रज कामगारवस्तीची करमणूक. पोराला नाटकाचं वेड लागलं ते तिथे. पुढे आयुष्यभर तो गाताना श्रोत्यांना डोळा मारल्यासारखं गायचा. ती सवय मला या म्युझिक हॉलची वाटते.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली. विमा कंपनीत ऑफिस बॉय म्हणून लागला. एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात दिसली: मुलगे नट हवेत, तातडीने. जाहिरात लंडनच्या इटालिया काँटी नाट्यशाळेची होती. गेला, तर फी ऐकूनच पाय गळाले. मग तोडगा निघाला: शाळेच्या ऑफिसात पोऱ्याचं काम करायचं, आठवड्याला ३० शिलिंग घ्यायचे आणि शिक्षण फुकट. म्हणजे ऑफिस बॉयचा ऑफिस बॉयच राहिला, फक्त ऑफिस बदललं.

पहिली मोठी भूमिका?

१९४८ साली, डिकन्सच्या कादंबरीवरच्या डेव्हिड लीनच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला आर्टफुल डॉजर. लंडनच्या गल्लीत खिसे कापणारं, अंगापेक्षा मोठा कोट घातलेलं, वयापेक्षा चार बुकं जास्त शिकलेलं पोर. समोर खिसेकापू पोरांचा म्होरक्या फेगिनच्या भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस. न्यूली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. मोठ्या माणसासारखं टोपी सावरत बोलण्याची त्याची ढब बघा, त्यात अभिनय किती आणि हॅकनी किती, हे वेगळं काढता येत नाही. त्याच वर्षी पीटर उस्टिनॉव्हच्या ‘व्हाइस व्हर्सा’तही तो होता. बाप आणि मुलगा यांची शरीरं अदलाबदल होतात अशी त्याची गोष्ट.

डिकन्सने या माणसाची पाठ कधी सोडली नाही. १९७५ मध्ये ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’वर निघालेल्या संगीतपटात तो दुष्ट क्विल्प झाला, गाणीही त्याचीच. आणि नव्वदच्या दशकात, उतारवयात, रंगमंचावर स्क्रूज. खिसेकापू पोरापासून कंजूष म्हाताऱ्यापर्यंत. डिकन्सने जणू त्याच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना एकेक भूमिका राखून ठेवली होती.

मग गायक कधी झाला?

अपघाताने, आणि तेही थट्टेतून.

पन्नासच्या दशकात तो सिनेमांत दुय्यम भूमिका करत होता. ‘कॉकलशेल हीरोज’, ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ वगैरे, म्हणजे युद्धपटातला कोपऱ्यातला शिपाई. ‘क्रँक्स’ नावाच्या छोट्या संगीत-प्रहसनात मात्र चमकला आणि त्याबरोबर १९५६ मध्ये न्यूयॉर्कलाही जाऊन आला.

१९५८ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीला अमेरिकी लष्करात भरती व्हावं लागलं. त्या बातमीवर बेतलेला एक विनोदी इंग्रजी सिनेमा पुढच्या वर्षी आला, ‘आयडल ऑन परेड’. रॉक अँड रोल गायकाला पलटणीत जावं लागतं आणि तिथे त्याची फजिती होते. गायकाच्या भूमिकेत न्यूली. भूमिका गायकाची म्हणून गावं लागलं, आणि त्यातलं ‘आय हॅव्ह वेटेड सो लाँग’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं! पॉप गायकांची टिंगल करायला उभा राहिलेला नट स्वतःच पॉप गायक होऊन बसला. १९६० मध्ये तर दोन गाणी थेट पहिल्या क्रमांकावर: फेब्रुवारीत ‘व्हाय’, मग ‘डू यू माइंड’. दुसरं गाणं लायनेल बार्टचं. त्याच बार्टचं ‘ऑलिव्हर!’ हे संगीत नाटक त्याच वर्षी रंगमंचावर आलं आणि डॉजरच्या तोंडी गाणी आली, पण पडद्यावरचा डॉजर तोवर मोठा झाला होता.

त्याचा आवाज असा विचित्र का वाटतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पहिल्यांदा ऐकताना मलाही वाटलं होतं की हा चेष्टा करतोय.

दोन कारणं. एक, त्याने आपली लंडनची बोली गाण्यात लपवली नाही. त्या काळचे बहुतेक ब्रिटिश गायक तोंड उघडलं की अमेरिकन होत. हा कॉकनीच राहिला. स्वर पसरट, नाकातून येणारे, शब्दांची टोकं चावलेली. दुसरं, त्याचा कंप. सूर लांबवला की आवाज थरथरायला लागतो, आणि कधीकधी तो थरथराट रडण्याच्या इतका जवळ जातो की ऐकणारा अवघडतो. नट असल्यामुळे तो ओळ आधी बोलतो आणि मग गातो. अर्धी ओळ कुजबुज, पुढची अर्धी आरोळी. नकलाकारांना हा आवाज म्हणजे पर्वणी होती.

आवडतो का? काही गाण्यांत खूप. सलग तासभर नाही ऐकवत, खोटं कशाला बोलू.

‘गर्नी स्लेड’बद्दल जाणकार एवढं का बोलतात?

कारण ती मालिका काळाच्या बरीच पुढे होती. ‘द स्ट्रेंज वर्ल्ड ऑफ गर्नी स्लेड’, १९६०, एटीव्ही वाहिनी, सहा भाग. लेखक सिड ग्रीन आणि डिक हिल्स. गर्नी स्लेड हे सॉमरसेटमधल्या एका गावाचं नाव, नायकाला तेच दिलं.

पहिल्या भागाची सुरुवात अशी. एका ठरावीक घरगुती मालिकेचा सेट. इस्त्री चालू आहे, चहा चालू आहे, माणसं ठरावीक वाक्यं बोलतायत. न्यूलीच्या बोलण्याची वेळ येते आणि तो बोलतच नाही. बाकीचे खुणावतात, विंगेतून वाक्य सुचवलं जातं. हा उठतो, कोट चढवतो आणि सेटवरून चालू पडतो, स्टुडिओच्या दारातून थेट रस्त्यावर. तिथून पुढे तो कुत्र्याशी बोलतो, दगडाशी बोलतो, जाहिरातीतल्या बाईशी बोलतो, आणि आपल्याला ऐकू येतात त्याचे विचार. हशा नाही, गोष्ट नाही. एका भागात तर त्याच्यावर खटला भरतात, विनोदी नसल्याबद्दल.

आदल्या महिन्यापर्यंत रेडिओवर याची प्रेमगीतं ऐकणाऱ्या प्रेक्षकांना काही कळेना. मालिका मोक्याच्या वेळेवरून उचलून रात्री उशिरा ढकलली गेली. शेवटच्या भागात, मालिका संपत आली तसा, गर्नी स्लेड लाकडी बाहुला होऊन बसतो. मग खरा अँथनी न्यूली येतो आणि आपला बाहुला उचलून घेऊन जातो. १९६० साली, टीव्हीवर! मॅक्स हॅरिसने केलेली तिची शीर्षकधून मात्र लोकांनी डोक्यावर घेतली. मालिका कळली नाही, धून आवडली.

लेस्ली ब्रिकस आणि न्यूली यांच्यात कोण काय करायचं?

ब्रिकस केंब्रिजचा शिकलेला, नीटस, वेळ पाळणारा. न्यूली शाळा सोडलेला, अंगात वारं भरलेला. दोघे एकमेकांना ब्रिकमन आणि न्यूबर्ग म्हणत. ढोबळमानाने न्यूबर्गकडे चाल, ब्रिकमनकडे शब्द. पण रेषा अशी पक्की नव्हती, दोघेही दोन्ही करत. न्यूली नोटेशन शिकलेला नव्हता. तो गुणगुणायचा आणि कोणीतरी उतरवून घ्यायचं. आपल्याकडेही पेटीवर बोट न ठेवता चाली बांधणारे झाले आहेत, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटू नये.

त्याचं सर्वात गाजलेलं नाटक कोणतं? त्यात काय आहे?

‘स्टॉप द वर्ल्ड, आय वाँट टू गेट ऑफ’. जग थांबवा, मला उतरायचंय! बसच्या कंडक्टरला सांगावं तसं. नाव भिंतीवर कोणीतरी खरडलेल्या वाक्यावरून घेतलं असं सांगतात.

२० जुलै १९६१ रोजी लंडनच्या क्वीन्स थिएटरमध्ये पहिला प्रयोग. लेखन, गीतं, संगीत दोघांचं. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका न्यूलीची. रंगमंचावर शॉन केनीने उभारलेला सर्कशीचा तंबू, बाकी फारसं काही नाही. न्यूली तोंडाला पांढरा रंग फासलेला, ढगळ पँट घातलेला विदूषक. पात्राचं नाव लिट्लचॅप, म्हणजे छोटा माणूस. जन्मापासून म्हातारपणापर्यंत त्याचं आयुष्य. साहेबाच्या पोरीला, एव्हीला, दिवस जातात म्हणून लग्न करतो; सासऱ्याच्या कारखान्यात चिकटतो; वर चढत चढत पार्लमेंटात जातो. वाटेत रशियात एक, जर्मनीत एक, अमेरिकेत एक अशा बायकांच्या मागे लागतो. मनासारखं झालं नाही की ‘स्टॉप द वर्ल्ड!’ असं ओरडतो, सगळं गोठतं आणि हा प्रेक्षकांशी बोलतो.

यातली खरी खुबी नेपथ्यात नाही, पात्रयोजनेत आहे. बायको आणि त्या तिन्ही परदेशी बायका, चौघींची भूमिका एकच नटी करते. लंडनला आणि न्यूयॉर्कला ती होती अ‍ॅना क्वेल. लिट्लचॅप जन्मभर बाहेर जे शोधत फिरतो ते घरातच होतं, हे प्रेक्षकाला दिसत असतं, त्याला दिसत नाही. बायको गेल्यावर, आत्मचरित्र लिहायला बसल्यावर त्याला कळतं की आपण जन्मभर फक्त स्वतःवर प्रेम केलं. तेव्हा येतं ‘व्हॉट काइंड ऑफ फूल अ‍ॅम आय’. मैफलीत हे गाणं प्रेमभंगाचं म्हणून गातात. नाटकात ते तसं नाही. तिथे एक म्हातारा स्वतःचा पंचनामा करतोय.

लंडनला ४८५ प्रयोग झाले. निर्माता डेव्हिड मेरिकने ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला नेलं, ऑक्टोबर १९६२ पासून तिथे ५५५. अ‍ॅना क्वेलला टोनी पुरस्कार मिळाला. न्यूलीला नामांकनावर समाधान मानावं लागलं. ‘व्हॉट काइंड ऑफ फूल’ला १९६३ च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला, ब्रिटिश गीतकारांना तो पहिल्यांदाच मिळत होता. तोवर सॅमी डेव्हिस ज्युनिअरने हे गाणं आपलंसं करून टाकलं होतं. इतकं, की १९७८ मध्ये त्याने अख्खं नाटकच पुन्हा उभं केलं, लिट्लचॅप स्वतः होऊन. १९६६ मध्ये नाटकावर सिनेमा निघाला, त्यातही न्यूली नाही.

‘गोल्डफिंगर’ची चाल न्यूलीची आहे का?

नाही. चाल जॉन बॅरीची, शब्द न्यूली आणि ब्रिकसचे. बॅरीने पियानोवर पहिले तीन सूर वाजवून दाखवले आणि दोघांनी एका सुरात ‘मून रिव्हर’ या प्रसिद्ध गाण्याची पुढची ओळ गाऊन टाकली, कारण ते तीन सूर हुबेहूब तसेच होते. बॅरीला अजिबात हसू आलं नाही म्हणे. पण चौथ्या सुरापासून गाणं जे वळतं त्याला तोड नाही. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन याला ते पसंत नव्हतं. १९६४ मध्ये सिनेमा आला आणि गाण्याची रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या दहांत गेली.

न्यूलीच्या आवाजातलं मूळ नमुना-ध्वनिमुद्रणही आहे. ते १९९२ पर्यंत बाहेर आलं नव्हतं. जरूर ऐका, पण रात्री एकटे असताना नको. बॅसी खलनायकाची घोषणा करते; न्यूली त्याच्याबद्दल कानाशी येऊन कुजबुजतो.

‘फीलिंग गुड’ निना सिमोनचं नाही का?

तिनेच ते अमर केलं, पण लिहिलं या दोघांनी. ‘द रोअर ऑफ द ग्रीसपेंट, द स्मेल ऑफ द क्राउड’ या संगीत नाटकासाठी. नटांच्या जगात रंगाचा वास आणि प्रेक्षकांचा जल्लोष असा वाक्प्रचार आहे. यांनी मुद्दाम त्याचे पाय आणि डोकं बदललं.

नाटकात दोन पात्रं एक खेळ खेळतात. ‘सर’ वरच्या वर्गाचा, ‘कॉकी’ खालचा. कॉकी जिंकू लागला की सर नियम बदलतात. इंग्लंडातली वर्गव्यवस्था पटावर मांडली आहे, यात लपवाछपवी काही नाही. मधेच एक कृष्णवर्णीय माणूस येतो. त्याला तर दोघेही खेळात धरत नाहीत, आणि हे वाद घालत असताना तोच डाव जिंकून जातो. त्या क्षणी तो गातो ते ‘फीलिंग गुड’. १९६४ च्या ब्रिटनमधल्या दौऱ्यात ते साय ग्रँटने गायलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गिल्बर्ट प्राइसने. पक्षी, मासे, नदी, पहाट या साध्या शब्दांमागे काय आहे हे एकदा कळलं की कॅफेत हे गाणं वाजताना वेगळंच वाटतं. निना सिमोनला ते बरोबर दिसलं असणार. तिने १९६५ मध्ये सुरुवातीला साथ काढूनच टाकली, नुसता आवाज ठेवला. पुढे म्यूझ हा रॉक बँड आला, मायकेल बुब्ले आला, आता मोजदाद नाही.

नाटकाचं काय झालं? ब्रिटनमध्ये विनोदी नट नॉर्मन विस्डमला घेऊन फिरलं, पण वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांपर्यंत, पोचलंच नाही. मग मेरिकने ते उचललं, कॉकीच्या भूमिकेत न्यूलीला घातलं, सरच्या भूमिकेत सिरिल रिचर्ड. आधी अमेरिकाभर दौरा केला. तोवर टोनी बेनेटचं ‘हू कॅन आय टर्न टू’ गाजलं होतं, म्हणजे नाटक शहरात यायच्या आधी त्याचं गाणं पोचलेलं. तरी ब्रॉडवेला २३० च्या आसपास प्रयोगांत आटोपलं. एका नाटकातून इतकी टिकाऊ गाणी आणि नाटक स्वतः विस्मृतीत, हे फार कमी वेळा होतं.

विली वोंकाच्या गाण्यांना पुरस्कार मिळाले का?

ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. सिनेमाही तेव्हा बेताचाच चालला. टीव्हीवर दाखवून दाखवून तो लाडका झाला. ‘द कँडी मॅन’ सॅमी डेव्हिसला सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं, फारच गोडगोड म्हणून. १९७२ मध्ये तेच त्याचं अमेरिकेतलं एकमेव पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं.

नट म्हणून कोणता सिनेमा पाहावा?

‘द स्मॉल वर्ल्ड ऑफ सॅमी ली’, १९६३, दिग्दर्शक केन ह्यूज. लंडनच्या सोहो भागातल्या एका नग्ननृत्याच्या क्लबात मधल्या वेळी विनोद सांगणारा सॅमी. जुगाराचं ३०० पौंडांचं कर्ज, आणि ते फेडायला हातात उरलेत पाच तास. पूर्ण सिनेमाभर हा पळतो. उधार घे, माल वीक, फोन कर, भावाकडे जा, थापा मार. सकाळचं सोहो, धुतलेले रस्ते, कचऱ्याच्या गाड्या, सगळं कृष्णधवल आणि खरंखुरं. इथे ना आवाजाचा थरथराट ना विदूषकाचा रंग. एवढा चांगला नट आत होता आणि पुढे त्याचा असा उपयोग फारसा कोणी केला नाही, स्वतः त्यानेही नाही.

‘डॉक्टर डूलिटल’ (१९६७) मध्येही तो आहे, पण तो सिनेमा फार लांबलाय. त्यातली गाणी एकट्या ब्रिकसची, आणि ऑस्कर मिळालं तेही एकट्या ब्रिकसला. नायक रेक्स हॅरिसनशी न्यूलीचं पटलं नाही.

जोन कॉलिन्सशी लग्न का मोडलं?

लग्नं तीन. आधी नटी अ‍ॅन लिन, मग १९६३ मध्ये जोन कॉलिन्स, तीही नटी, नंतर डॅरेथ रिच. जोनशी झालेल्या लग्नातून दोन मुलं.

लग्न का मोडतं हे त्या दोघांनाच ठाऊक. पण न्यूलीने ते पडद्यावर मांडून ठेवलं, हे खरं. १९६९ चा, वाचताना धाप लागेल अशा नावाचा सिनेमा: ‘कॅन हायरॉनिमस मर्किन एव्हर फरगेट मर्सी हम्प अँड फाइंड ट्रू हॅपिनेस?’ माल्टामध्ये चित्रित झालेला. समुद्रकिनाऱ्यावर एक गायक-नट आपल्या आयुष्याचा सिनेमा आपल्याच मुलांना दाखवतोय, आणि त्यात आहेत त्याची अगणित प्रेमप्रकरणं. नायक न्यूली, लेखन-दिग्दर्शन-संगीतात न्यूली, नायकाची बायको जोन कॉलिन्स, मुलं म्हणून खरीच मुलं! अमेरिकेत त्याला केवळ प्रौढांसाठीचं सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळालं. लिट्लचॅपच्या तोंडी कबुलीजबाब शोभला कारण मधे नाटकाचा पडदा होता. इथे पडदाच नाही. सिनेमा पडला, आणि थोड्याच काळात लग्नही.

गंमत म्हणजे यातल्या गाण्यांचे शब्द हर्बर्ट क्रेट्झमरचे. पुढे ‘ले मिझेराब्ल’चे इंग्रजी शब्द लिहिणारा तोच.

डेव्हिड बोवीने त्याची नक्कल केली होती हे खरं का?

खरं, आणि रॉक गायक बोवीने ते मोकळेपणी मान्य केलं होतं. बोवीचा १९६७ चा पहिला अल्बम ऐका, किंवा त्याच वर्षीचं ‘द लाफिंग नोम’. तोच कॉकनी, तेच शब्द चावणं, तोच नाटकीपणा. ‘गर्नी स्लेड’चाही तो चाहता. पण त्याने न्यूलीकडून खरं घेतलं ते वेगळंच आहे असं मला वाटतं: गायकाने पात्र होऊन गावं आणि कंटाळा आला की त्या पात्रातून चालू पडावं. सेटवरून उठून गेलेला गर्नी स्लेड आणि १९७३ मध्ये मंचावरच झिगी स्टारडस्ट या आपल्याच गाजलेल्या पात्राचा निकाल लावणारा बोवी शेजारी ठेवून बघा.

नंतर तो गेला कुठे?

अमेरिकेला. सत्तरच्या दशकात लास व्हेगासच्या हॉटेलांत त्याचा कार्यक्रम चालायचा आणि पैसा चांगला मिळायचा. १९७२ मध्ये लंडनला ‘द गुड ओल्ड बॅड ओल्ड डेज’ हे ब्रिकसबरोबरचं नाटक तीनशेवर प्रयोग चाललं, पण पहिल्या दोन नाटकांसारखं त्यातून काही मागे राहिलं नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला चार्ली चॅप्लिनवर संगीत नाटक केलं, चॅप्लिन स्वतःच. विदूषक, गरिबीतलं लंडन, आईने वाढवलेला मुलगा: याहून जवळची भूमिका कुठली असणार? ब्रॉडवेपर्यंत ते पोचलं नाही.

१९८९ मध्ये दोघांना गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

शेवटची वर्षं?

ऐंशीच्या दशकात मूत्रपिंडाचा कर्करोग झाला, त्यातून उठला. नव्वदच्या सुरुवातीला इंग्लंडला परतला आणि सरे परगण्यात आईबरोबर राहू लागला. ब्रिकसच्या ‘स्क्रूज’ नाटकाचे दौरे केले; १९९६ मध्ये ते लंडनच्या डोमिनियन थिएटरला लागलं होतं. १९९८ मध्ये ‘ईस्टएंडर्स’ या बीबीसीच्या मालिकेत जुन्या गाड्या विकणारा विन्स वॉटसन झाला. पूर्व लंडनच्या पोराला पन्नास वर्षांनी पुन्हा पूर्व लंडनची, थोडी लबाड भूमिका. काही भागांनंतर तब्येतीमुळे सोडावी लागली. कर्करोग परतला होता.

सुरुवात कुठून करू?

‘स्टॉप द वर्ल्ड’च्या लंडन प्रयोगाच्या मूळ रेकॉर्डपासून. त्यात शेवटचं गाणं आधी ऐकू नका, क्रमाने या. मग ‘सॅमी ली’ बघा. मग ‘गर्नी स्लेड’चा पहिला भाग, अर्ध्या तासाचा आहे. आणि वेगळं काही हवं असेल तर १९६६ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या विभागातल्या, डेलिया डर्बिशरबरोबर केलेलं ‘मूगीज ब्लूगीज’. फितीचे तुकडे जोडून केलेल्या बुडबुड्यांसारख्या आवाजांवर न्यूली गातोय. कित्येक वर्षं ते तसंच पडून होतं. भाचीला ऐकवलं तर म्हणाली, “मामा, हे नवीन आहे ना?”